फिरते घर विकताना : गिऱ्हाइकाला गाडी चालवायला देण्याविषयी

आपल्या समाजातील काही कुटुंबांकडे गेल्या दहा-बारा वर्षांत 'फिरती घरे' आली. कुणी तयार घेतली, बहुतेकांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली. आपल्याकडे ही गाडी परकी नाही. ज्या फोर्स मोटर्सची ती आहे, ती कंपनी पूर्वी बजाज टेम्पो या नावाने ओळखली जात असे आणि तिचा कारखाना पिथमपूरला, म्हणजे आपल्याच धार जिल्ह्यात आहे. नर्मदा परिक्रमा, पंढरपूर, गाणगापूर, कोकण अशा यात्रा या गाड्यांतून झाल्या. आता ज्यांनी त्या साठीत घेतल्या ते सत्तरीकडे आले आहेत, गुडघे कुरकुरतात, मुले पुण्यात किंवा परदेशात असतात आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. मागच्या वर्षभरात चार जणांनी मला 'गाडी विकायची आहे, काय करावे?' असे विचारले. किंमत आणि कागद यांविषयी सगळेच विचारतात. 'गिऱ्हाईक चालवून बघतो म्हणतो, त्याचे काय करायचे?' हे मात्र कुणी विचारत नाही, आणि घोळ होतात ते तिथेच. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच विषयावर आहे.

आधी आमच्या गाडीविषयी थोडे सांगतो, म्हणजे पुढचे संदर्भ लागतील. आम्ही तीन कुटुंबांनी मिळून एक जुनी ट्रॅव्हलर घेतली होती. पैसे तिघांचे, पण आरसीवर नाव माझे एकट्याचे, कारण तिघांपैकी बँकेतला मी, म्हणून कागदपत्रे माझ्याकडे आली. सात वर्षांत आम्ही तिच्यातून खूप हिंडलो. मग आमच्यातला एक मित्र गेला. वहिनींना त्यांचा तिसरा हिस्सा हवा होता, तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि २०२३ साली गाडी विकायचे ठरले. दलालाने सांगितलेली किंमत आणि आमची अपेक्षा यांत बराच फरक होता, म्हणून आम्ही स्वतःच विकायचे ठरवले. चार गिऱ्हाइके आली. चौघांनीही गाडी चालवून पाहायला मागितली.

गाडी कुणाची हे आधी लक्षात घ्या

एक गोष्ट पक्की समजून घेतली तर बाकीचे बरेचसे आपोआप सुचते. गिऱ्हाईक गाडी चालवत असताना ती तुमचीच असते. बयाणा घेतला असला, किंमत ठरली असली, हातात हात दिला असला तरी कायद्याच्या नजरेत तुमचीच असते. इतकेच नव्हे, पूर्ण पैसे घेऊन ताबा दिल्यावरही, आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत, अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात गाडी पुढे एकापाठोपाठ एक बऱ्याच जणांना विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि भरपाईचा बोजा त्याच्यावर आला. 'मी तर ती केव्हाच विकली होती' या म्हणण्याचा उपयोग झाला नाही.

मग चालवून पाहायला दिलेली गाडी तर निर्विवाद तुमची. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू देणे हा मालकाचा अपराध आहे. कलम १८० प्रमाणे त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाचे एक वेळ सोडा. अशा वेळी कुणाला धडक बसली तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करण्याची मागणी करू शकते, आणि ती रक्कम लाखांत जाऊ शकते.

परवाना बघण्याचा संकोच

आपल्या गावांत सगळे एकमेकांना ओळखतात. देवासला तर मी बाजारात पिशवी घेऊन निघालो की परतेपर्यंत दहा जण थांबवतात. अशा ठिकाणी घरी आलेल्या पाहुण्याला 'आधी लायसन्स दाखवा' म्हणणे जिवावर येते. हा संकोच मला चांगलाच महागात पडलेला आहे. पूर्वी एकदा माझी जुनी छोटी कार विकायला काढली होती तेव्हा ओळखीच्यांचा मुलगा 'काका, एक चक्कर मारून येतो' म्हणाला आणि मी किल्ली दिली. दहा मिनिटांनी फोन आला. भाजीच्या हातगाडीला धक्का, भाजीवाल्याच्या पायाला मार. मुलाकडे फक्त शिकाऊ परवाना होता आणि शेजारी परवानाधारक कुणी नव्हते. दवाखान्याचा खर्च, हातगाडी आणि भाजी सगळे मी खिशातून दिले, विम्याकडे गेलोच नाही. मुलाच्या वडिलांनी नंतर त्या विषयावर एक अक्षर काढले नाही, आणि मीही भिडेपोटी काढले नाही.

ट्रॅव्हलरच्या वेळी पहिलेच गिऱ्हाईक आमच्या एका स्नेह्यांचा पुतण्या निघाला. बरोबर ड्रायव्हर आणला होता, पण चालवायची होती त्याला स्वतःला. मी परवाना मागितला. मोबाइलवर दाखवला. त्यावर फक्त दुचाकीचा वर्ग होता. मी म्हटले, 'तुमचे ड्रायव्हर चालवतील, तुम्ही शेजारी बसा.' त्याला ते अपमानास्पद वाटले. गाडी न बघताच गेला, आणि स्नेह्यांनी महिनाभर माझ्या नमस्काराला उत्तर दिले नाही. नंतर आपोआप निवळले.

मला सापडलेली सोपी युक्ती अशी : ही अट प्रत्यक्ष भेटीत घालू नका, फोनवरच घाला. 'गाडी चालवून बघायची असेल तर चालवणाऱ्याचा मूळ परवाना घेऊन या, विमा कंपनीचा तसा नियम आहे' एवढे वाक्य पुरते. यात खोटे काही नाही. विम्याच्या पॉलिसीत चालकाविषयीचे कलम असते, त्यात चालवणाऱ्याकडे वैध परवाना असणे ही अटच असते. दोष विमा कंपनीकडे जातो आणि तुमचे संबंध शाबूत राहतात. परवान्यावर तीन गोष्टी बघाव्यात. मुदत संपलेली नाही ना, वर्ग हलक्या मोटार वाहनाचा आहे ना, आणि फोटो समोरच्याच माणसाचा आहे ना. मोबाइलवर दाखवत असतील तर तो डिजिलॉकर किंवा एम-परिवहन मध्येच असावा. गॅलरीतला फोटो नको. एक फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढून ठेवावा, व्यवहार झाला नाही तर पुसून टाकावा.

वर्गाविषयी एक खुलासा. ट्रॅव्हलर दिसायला मोठी, म्हणून बरेच जण 'हेवी लायसन्स लागते' असे सांगतात. हलक्या वाहनाची मर्यादा साडेसात टन आहे आणि आपली फिरती घरे तिच्या बरीच आत असतात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असाही निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांच्या आतले व्यावसायिक वाहन चालवायलाही वेगळ्या नोंदीची गरज नाही. तेव्हा साध्या कारचा परवाना चालतो. पण कायद्याने चालतो याचा अर्थ त्या माणसाला चालवता येते असा होत नाही. जन्मभर छोटी कार चालवलेला माणूस ट्रॅव्हलरमध्ये बसला की पहिल्या वळणावर मागचे चाक फुटपाथवर चढवतो.

गिऱ्हाईक येण्याच्या आधी

विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू असले पाहिजे. 'विकायचीच आहे तर आता कशाला विमा भरू' असे म्हणून बरेच जण तो संपू देतात. ही काटकसर नव्हे. विमा नसलेली गाडी रस्त्यावर काढणे हाच अपराध आहे, आणि विम्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती चाक देणे म्हणजे स्वतःचे घर पणाला लावणे.

विमा फक्त थर्ड पार्टी आहे की पॅकेज, हेही बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर बाहेरच्या माणसाला लागलेल्या माराची भरपाई होते; तुमच्या गाडीचे नुकसान आणि खासगी गाडीत बसलेल्यांची दुखापत त्यात येत नाही. पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकासाठी असतो. चाक गिऱ्हाइकाच्या हातात असताना त्याला तो लागू नाही. आमची पॉलिसी थर्ड पार्टीचीच उरली होती. मी पॅकेज करून घेतले. वहिनींच्या मुलाने 'काका, विकेपर्यंत एवढे कशाला' असे विचारले. त्याला म्हटले, तुझ्या आईचा हिस्सा त्या गाडीतच आहे.

आरसी काढून गाडीचा वर्ग वाचा. 'कॅम्पर व्हॅन' लिहिले आहे, 'मोटर कॅराव्हॅन' लिहिले आहे, की 'ऑम्नी बस, खासगी'? आतून घर आणि कागदावर बारा आसनांची बस असे असेल तर हे आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेले फेरफार ठरतात. कलम ५२ मध्ये त्याला मनाई आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते. असा घोळ असेल तर विक्रीच्या आधी तो निस्तरा. निदान गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर सांगा. लपवून ठेवले तर नाव बदलायच्या वेळी बाहेर येणारच.

गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंद आरसीवर असते. कर्ज फेडून बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय गाडी बाजारात काढू नये. माझ्या नोकरीत मी असे कितीतरी कर्जदार पाहिले, ज्यांनी हप्ते चालू असताना गाडी विकून टाकली आणि मग दोन्ही बाजूंनी अडकले.

आणि गाडीची सर्व्हिस. आमची गाडी चार महिने उभी होती. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायरला बसके येतात, ब्रेकला गंज धरतो. मी फक्त धुऊन-पुसून ठेवली होती, त्याचे फळ पुढे मिळाले. एक मात्र करू नये : गिऱ्हाईक येण्याच्या अर्धा तास आधी इंजिन चालू करून गरम करून ठेवणे. जाणकार माणूस आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागले की त्याला वाटते, थंडीत स्टार्ट होत नसणार. इंजिन थंड असू द्या, त्याच्या समोर चावी फिरवा.

घर हलते तेव्हा

साध्या कारपेक्षा फिरत्या घराची चाचणी वेगळी असते, कारण मागे संसार असतो. आमच्याकडे एकदा कपाटाची कडी लावायची राहिली आणि पहिल्या गतिरोधकावर स्टीलचे डबे, कुकर, कलथे सगळे खाली आले. गिऱ्हाईक एवढे दचकले की त्याने जोरात ब्रेक दाबला आणि मागे बसलेली त्याची आई ओट्यावर आपटली. सुदैवाने फार लागले नाही. तेव्हापासून भांडी, गाद्या, यात्रेचे सामान सगळे आधीच उतरवून ठेवत होतो.

गॅसचे सिलिंडर गाडीबाहेर काढून ठेवावे. शेगडी पेटते हे दाखवायचे असेल तर गाडी उभी असताना, खिडक्या उघडून, सिलिंडर जोडून दाखवावे आणि पुन्हा काढावे. पाण्याची टाकी एकतर पूर्ण रिकामी ठेवा नाहीतर पूर्ण भरा. अर्धी टाकी वळणावर हेलकावते आणि नवख्या माणसाला वाटते गाडीच्या सस्पेन्शनमध्ये दोष आहे. आमची ऐंशी लिटरची टाकी होती, म्हणजे ऐंशी किलो वजन. मी ती भरून ठेवायचो. यात्रेला निघाल्यावर गाडी जशी चालेल तशीच गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे, नाहीतर आठ दिवसांनी त्याचा फोन येतो.

चालू गाडीत सगळ्यांनी खुर्चीवर पट्टा लावून बसायचे. पलंगावर कुणीही नाही, लहान मुले तर मुळीच नाहीत. गिऱ्हाइके बहुधा सहकुटुंब येतात, मुलांना पलंग दिसला की ती उड्या मारतात. घरच्या मंडळींसाठी उभ्या गाडीत चहा करावा, पलंग उघडून दाखवावे, आणि मग त्यांना घरीच बसवून दोघा-तिघांनीच चक्कर मारायला जावे. आमच्या सौभाग्यवतींनी हे काम फार छान सांभाळले. गाडी विकली गेली त्यात त्यांच्या पोह्यांचाही वाटा आहे, असे वहिनी म्हणतात.

रस्ता तुम्ही ठरवा

पिथमपूरला वाहनांच्या चाचणीसाठी नॅट्रॅक्स ही संस्था आहे. तिथे सुमारे ११.३ किलोमीटर लांबीचा वेगाचा मार्ग आहे, त्याचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. कंपन्या तिथे गाड्या पळवतात. आपल्याला तशी सोय नाही, पण त्यांचे एक तत्त्व उचलता येते : काय तपासायचे ते आधी ठरवायचे आणि त्याप्रमाणे रस्ता आखायचा. गिऱ्हाईक 'नेऊ का इंदूरपर्यंत?' म्हणाले म्हणून इंदूरला जायचे नाही.

मी देवासमध्ये असा क्रम ठेवला होता. घरापासून कॉलनीच्या बाहेर रुंद रस्त्यापर्यंत मी स्वतः चालवायचो. या वेळात गिऱ्हाईक शेजारी बसून आवाज ऐकतो, आणि आपल्याला क्लच कुठे उचलतो, आरशात काय दिसते, गाडीची उंची किती हे सांगता येते. उंची सांगणे फार महत्त्वाचे. छतावर सौर पट्टी आणि हवेचे झाकण असते. खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि रेल्वेखालचे पूल गिऱ्हाइकाच्या ध्यानात येत नाहीत. रुंद, मोकळ्या जागी गाडी बंद करून किल्ली काढायची, खाली उतरायचे, आणि जागा बदलायची. मग त्याने उज्जैन रोडच्या बाजूला दहा-बारा किलोमीटर जाऊन परत यायचे. त्यात थोडी वस्ती, थोडा मोकळा रस्ता, एक-दोन गतिरोधक असे सगळे मिळते. आग्रा-मुंबई रस्त्यावर आणि बायपासवर मी पहिल्या फेरीत कुणालाच नेले नाही, तिथल्या ट्रकांच्या गर्दीत नवख्याने मोठी गाडी नेऊ नये. शेवटी एखाद्या मोकळ्या मैदानात गाडी मागे घेऊन दाखवायची. मागे घेताना आपण खाली उतरून, चालकाला आरशात दिसू अशा बाजूला उभे राहायचे. हँडब्रेक तपासायला थोडा चढ हवा. देवासला टेकडीच्या बाजूला तो मिळतो, पण नवरात्रात तिकडे गाडी घेऊन जायचे नावही काढू नये.

वेळ सकाळची, आठ ते दहा. अंधारात नाही, पावसात नाही.

धारच्या मंडळींना मांडूचा रस्ता जवळचा. नालछापर्यंत तो चाचणीला चांगला आहे. पुढे वळणे आणि चढ-उतार आहेत, त्या भागात जाणकार चालकालाच जाऊ द्यावे, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर पर्यटकांच्या गर्दीत अडकायलाच होईल. काही जण 'घाटात ब्रेक बघायचे' म्हणून धामनोदकडच्या गणपती घाटाचे नाव काढतात. त्या उतारावर ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले हे धारकरांना सांगायला नको. न पारखलेल्या गाडीचे ब्रेक तपासायची ती जागा नव्हे.

तुम्ही गाडीत बसायचेच. 'तुम्ही बसा निवांत, आम्ही येतो' याला होकार द्यायचा नाही. वय झाले असेल तर मुलाला, जावयाला, शेजाऱ्याला बरोबर घ्या. एकट्याने तिघा अनोळखी माणसांबरोबर जाऊ नका. जाण्याआधी त्यांची गाडी तुमच्या दारात उभी असू द्या, तिच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. घरी सांगून जा, कुठल्या रस्त्याने आणि किती वाजेपर्यंत. दुसरी किल्ली घरीच ठेवा. मूळ आरसी गाडीत ठेवू नका. तुमच्या मोबाइलमधली डिजिलॉकरची प्रत पोलिसांना दाखवायला पुरते. स्वतः किल्ली हातात दिली आणि माणूस गाडी घेऊन पसार झाला, तर ही चोरी की विश्वासघात यावर विमा कंपनीशी वाद घालत बसावे लागते.

ब्रेकची गोष्ट

आमचे दुसरे गिऱ्हाईक उज्जैनकडचे, बरोबर गॅरेजवाला मिस्त्री घेऊन आले. मिस्त्रीने गाडी थोडी पळवली, एका मोकळ्या ठिकाणी मला सांगून जोरात ब्रेक दाबला, आणि गाडी डावीकडे ओढली गेली. त्याने माझ्याकडे बघितले. मला खरोखरच ठाऊक नव्हते, कारण चार महिन्यांत मी तिला कॉलनीबाहेर नेलेच नव्हते. तो माणूस चांगला होता. म्हणाला, 'साहेब, पुढचा उजवा ब्रेक धरत नाही, काम फार नाही, पण असे कुणाला देऊ नका.' सौदा तिथेच मोडला, त्यांचा विश्वास उडाला होता.

माझ्या जोडीदाराचे मत असे पडले की पुढच्या गिऱ्हाइकाला काही सांगायचे नाही, त्यांनी शोधले तर शोधले. दोन दिवस आमच्यात यावर कुरबुर झाली. मी म्हटले, पुढच्या गिऱ्हाइकाने तोच ब्रेक उज्जैन रोडवर दाबला आणि समोर शाळेची मुले असली तर? आरसी माझ्या नावावर आहे. शेवटी दोन्ही बाजूंचे ब्रेक करून घेतले, बिल तिघांत वाटले, आणि ते बिल मी गाडीच्या फायलीत सगळ्यांत वर लावले. विकताना त्या बिलाने आमचे नुकसान झाले नाही. उलट विकत घेणाऱ्याने सगळ्यांत आधी तेच वाचले आणि विचारले, 'म्हणजे नवे आहेत तर?'

तेव्हा गिऱ्हाइकाला खऱ्या अर्थाने तपासू द्या. मिस्त्री आणू द्या, खाली वाकून बघू द्या, ब्रेक दाबू द्या. अटी घालायच्या त्या माणसावर आणि रस्त्यावर, तपासण्यावर नव्हे.

काही लागलेच तर

चक्कर मारण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडाही काढा. मी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या : तारीख, वेळ, चालवणाऱ्याचे नाव, परवान्याचा क्रमांक, आणि 'चाचणीदरम्यान माझ्या चुकीने गाडीचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च मी देईन' असे हिंदीत. खाली सही. कोर्टात त्याचे वजन किती हा प्रश्न वेगळा, पण सही केलेला माणूस जपून चालवतो. आणि हे फार चमत्कारिकही नाही. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या अधिकृत डीलरांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांनी प्रत्येक फेरीची नोंद ठेवायला लावले आहे : फेरी कशासाठी, चालक कोण, किती वाजता, किती किलोमीटर. ते डीलरांसाठी सक्तीचे आहे, आपण खासगी विक्रेते त्यात येत नाही, पण घरगुती वही ठेवायला कुणाची ना नाही.

लहानसहान ओरखड्यासाठी विम्याचा दावा करण्याआधी हिशेब करा. दावा न करणाऱ्याला मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत चढत जाते आणि एका दाव्याने शून्यावर येते. ही सूट गाडीची नसून तुमची असते. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला ती वापरता येते. हे पत्र घ्यायला बहुतेक लोक विसरतात. माणसाला दुखापत झाली असेल तर मात्र कसलाही हिशेब करायचा नाही : आधी दवाखाना, मग पोलीस, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणे.

पैसे आणि ताबा

चौथ्या गिऱ्हाइकाने गाडी घेतली, पण मधल्या तिसऱ्याविषयी सांगायला हवे. ते फक्त फोनवर होते. आपण सैन्यात आहोत म्हणाले, गाडी न बघता बयाणा पाठवायला तयार, 'माझा माणूस येऊन गाडी चालवून बघेल आणि तसाच घेऊन जाईल'. पैसे मिळवण्यासाठी एक क्यूआर स्कॅन करून पिन टाका असे सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. मी बँकेत पस्तीस वर्षे काढली म्हणून ओळखले. वहिनींनी फोन उचलला असता तर?

चाचणी आणि बयाणा यांची सांगड घालू नका. आधी चाचणी, मग किंमत, मग बयाणा, आणि बयाण्याची पावती द्या. त्यात परत केव्हा मिळेल, केव्हा नाही, तेही लिहा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला. उरलेली रक्कम आरटीजीएसने घ्या. डिमांड ड्राफ्ट कितीही खरा दिसला तरी देणाऱ्या शाखेशी खात्री करा. पैसे आल्याचा मोबाइलवरचा संदेश पुरेसा नाही. खाते उघडून शिल्लक बघा, मग किल्ली द्या.

आमचे गिऱ्हाईक म्हणजे धारचे एक जोडपे, दोघेही शिक्षक, निवृत्तीला वर्ष उरलेले. देवासला येऊन त्यांनी गाडी चालवली, पसंत पडली. पण बाईंनी विचारले, 'आमच्या गल्लीत शिरेल का?' प्रश्न अगदी रास्त होता. त्यांचे घर जुन्या वस्तीत. तेव्हा दुसरी चाचणी धारलाच करायची ठरली. डिझेल त्यांचे, गाडी मी चालवत नेली, सुमारे शंभर किलोमीटर. गल्लीत गाडी शिरली, पण वळेना. दोन शेजाऱ्यांच्या मोटारसायकली हलवल्या, एका ओट्याला आरसा घासता घासता राहिला, आणि पंधरा-वीस माणसे सूचना द्यायला जमली. शेवटी गाडी घराबाहेरच्या रस्त्यावर एका ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ठेवायचे ठरले आणि त्या मोबदल्यात आम्ही किंमत थोडी उतरवली. देवासच्या अंगणात बसून हे कळले नसते, आणि व्यवहारानंतर कळले असते तर कटुता आली असती.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंद करून घ्यायची असे कलम ५० सांगते. देवासची नोंदणी एमपी ४१, धारची एमपी ११, दोन्ही मध्य प्रदेशातच असल्याने परराज्याच्या ना-हरकतीची भानगड आली नाही. गाडी महाराष्ट्रात किंवा गुजरातेत जाणार असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत लागते आणि वेळही जास्त लागतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून 'तुम्हीच भरा' म्हणून देऊ नका. मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो. पावतीचा क्रमांक लिहून घेतला आणि दर आठवड्याला वाहन पोर्टलवर बघत राहिलो. थकलेले चलान आधी भरले होते, फास्टॅग ताबा दिला त्याच दिवशी बंद केला, नाहीतर पुढचे टोल माझ्या खात्यातून गेले असते.

ताबा देताना एका कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, 'सकाळी ११ वाजून २० मिनिटे', किलोमीटरचा आकडा लिहिला, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. सकाळी अकरापर्यंतच्या चलानाला मी जबाबदार, पुढच्याला ते. आरसीवर त्यांचे नाव चढल्याचा संदेश सतराव्या दिवशी आला. त्या संध्याकाळी वहिनींच्या खात्यात त्यांचा हिस्सा जमा केला आणि गाडीची फाईल त्यांच्या मुलाकडे दिली, त्यात परिक्रमेच्या डिझेलच्या पावत्याही अजून आहेत.